मॅट्रिक : पटावरच्या नावाची गोष्ट

"जय भीम काका, एक घोळ झालाय. ते मला पुन्हा मॅट्रिकला बसवणार म्हणतात!"

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत वाढलेली ही मुलगी. वडील एस.टी.त मेकॅनिक. पोरीने जिद्दीने शिकून इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एम.ए.चा प्रवेश मिळवला. परदेश शिष्यवृत्तीची यादी लागली, त्यातही तिचे नाव आले. साऱ्या वस्तीने पेढे खाल्ले. आणि आठवड्याभरात विद्यापीठाचे पत्र आले की ऑक्टोबर महिन्यात तुम्ही 'मॅट्रिक्युलेट' व्हाल, अमुक दिवशी समारंभाला हजर राहा. मुलगी गोंधळली. दहावी झाली, बारावी झाली, बी.ए. झाले, आता एम.ए.ला जाताना मॅट्रिक कुठून आले? तिची आजी तर तिथल्या तिथे भांडायला उठली. "परत म्याट्रिकला बसवत्यात व्हय? सर्टिफिकेट दाखव की त्यांना!"

मी हसलो आणि तिला म्हणालो, परीक्षा नाही गं, ते तुझे नाव पटावर घेणार आहेत. तिचे समाधान झाले. माझे मात्र झाले नाही. ज्या शब्दाने आमच्या तीन पिढ्यांना झोपू दिले नाही, 'मॅट्रिक पास', 'मॅट्रिक फेल' आणि 'नॉन-मॅट्रिक' अशा तीन रांगांत ज्या शब्दाने माणसे उभी केली, त्या शब्दाचा मूळ अर्थ परीक्षा असा नाहीच, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? म्हणून आजचा हा लेख त्या शब्दावर.

आईच्या पोटातून आलेला शब्द

नाव नोंदवणे या अर्थाची इंग्रजीत बरीच क्रियापदे आहेत. 'एनरोल' म्हणजे चामड्याच्या गुंडाळीवर, म्हणजे 'रोल'वर, नाव चढवणे. आपण 'रोल नंबर' म्हणतो तो त्यातलाच. 'रजिस्टर' लॅटिनमधून आले आणि कचेरीत बसले. 'एनलिस्ट' बहुतेक फौजेत गेले. पण 'मॅट्रिक्युलेट' या क्रियापदाचे कूळ वेगळे आहे. लॅटिन भाषेत आईला 'माटर' म्हणतात. मॅटर्निटी आणि मॅट्रिमोनी हे आपल्या कानावरचे शब्द त्याच 'माटर'ची लेकरे आहेत. त्यावरून 'मात्रिक्स' हा शब्द झाला. आधी त्याचा अर्थ व्यालेली मादी असा होता, पुढे गर्भाशय असा झाला, आणि उत्तरकालीन लॅटिनमध्ये त्याला 'नोंदवही' हाही अर्थ चिकटला. या 'मात्रिक्स'चे धाकटे रूप म्हणजे 'मात्रिकुला', म्हणजेच यादी किंवा पट. त्या पटावर नाव चढवणे म्हणजे मॅट्रिक्युलेट. सोळाव्या शतकात हे क्रियापद इंग्रजीत रुळले. त्याचा अर्थ तेव्हाही विद्यापीठाच्या पटावर नाव दाखल करणे असा होता आणि इंग्लंडमध्ये आजही तोच आहे.

आई आणि यादी यांचा संबंध काय, असे कुणी विचारील. धम्मग्रंथ वाचणाऱ्यांना मात्र याचे नवल वाटू नये. पाली भाषेत 'मातिका' हा शब्द आहे. तोही 'माता' या शब्दावरूनच आलेला, आणि त्याचाही अर्थ यादी असाच! अभिधम्मपिटकातला पहिला ग्रंथ 'धम्मसंगणि' मातिकेनेच सुरू होतो. ज्या सूचीतून पुढचे सारे विवेचन जन्म घेते ती मातिका. या सूची ज्यांच्या मुखोद्गत असत अशा भिक्खूंना पाली ग्रंथ 'मातिकाधर' असे आदराने म्हणतात. आता यावरून कुणी लगेच 'लॅटिन शब्द आमच्याकडून चोरला' असे म्हणू नये. तसे म्हणण्याची सवय दुसऱ्यांना आहे, आपल्याला नको. दोन्ही भाषांचे मूळ कूळ एक, म्हणून 'माटर' आणि 'माता' या बहिणी. पण दोन दूरच्या देशांत त्या शब्दाने तीच वाट धरली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. यादी कोरडी नसते. तिच्यातून काही जन्माला येते. नाव ज्या यादीत लिहिले जाते त्या घरात माणसाचा दुसरा जन्म होतो. शब्दाची भावना तरी अशी आहे. व्यवहार कसा झाला, तो आता पाहू.

पहिली यादी गरिबांची

विद्यापीठे निघण्याच्या कितीतरी आधी, आजच्या फ्रान्सच्या भूमीवर सहाव्या शतकात 'मात्रिकुला' हा शब्द वापरात होता. आणि ती यादी होती गरिबांची! चर्चच्या अन्नावर जगणाऱ्या निराधार, पंगू, वृद्ध माणसांची नावे त्या यादीत असत. तूर शहरातल्या संत मार्टिनच्या चर्चची अशी यादी इतिहासात नोंदलेली आहे. यादीतल्या माणसाला 'मात्रिकुलारियुस' म्हणत. हीच माणसे चर्चच्या दारात बसत, झाडलोट करीत, राखण करीत. शतके लोटली आणि याच शब्दाचे फ्रेंच रूप चर्चचा कारभार पाहणाऱ्या प्रतिष्ठित विश्वस्ताला लागले. शब्द तोच राहिला. यादीत भिकारी होता, तिथे कारभारी येऊन बसला. गरिबांसाठी केलेली यादी गरिबांच्या हातून कशी निसटते, याचा हा जुना दाखला समजायला हरकत नाही.

मग विद्यापीठे आली. व्हिएन्ना १३६५, हायडेलबर्ग १३८६, कोलोन १३८८. या विद्यापीठांच्या नोंदवह्यांना 'मात्रिकुला' हेच नाव मिळाले. विद्यार्थ्याने यायचे, शपथ घ्यायची, फी भरायची आणि वहीत नाव लिहून घ्यायचे. पण त्या जुन्या वह्यांत काही नावांपुढे एक शब्द दिसतो, 'पौपेर' म्हणजे गरीब. अशा विद्यार्थ्याची फी माफ तरी होई किंवा कमी तरी होई. म्हणजे आपल्याकडे कॉलेजच्या खिडकीवर ज्या 'फ्रीशिप'साठी आपली पोरे ताटकळतात, आणि ज्या फ्रीशिपवरून त्यांना 'सरकारी जावई' म्हणून हिणवले जाते, ती सवलत सहाशे वर्षांपूर्वी युरोपात सर्रास होती. त्यामुळे त्या विद्यापीठांची 'गुणवत्ता' घसरली असे कुणी म्हटल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.

पटाच्या दाराशी शपथ

पण ही यादी सगळ्यांची आई झाली, असे समजण्याचे कारण नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाने १५८१ साली नियम केला. पटावर नाव चढवायचे तर इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या एकोणचाळीस कलमांवर सही केली पाहिजे. म्हणजे कॅथलिक बाहेर, ज्यू बाहेर आणि अधिकृत चर्च न मानणारे ख्रिस्तीही बाहेर. डोक्यात बुद्धी किती आहे हा प्रश्न नंतरचा. आधी धर्म दाखवा! पटावर नाव चढताना ही सही करण्याची सक्ती उठायला १८५४ साल उजाडावे लागले. उरलेसुरले धार्मिक निर्बंध १८७१ च्या कायद्याने बहुतेक गेले. स्त्रियांसाठी दार त्याहून उशिरा उघडले. ऑक्सफर्डच्या पटावर स्त्रियांची नावे रीतसर चढली ती १९२० साली.

इथे आपल्या मुलखातल्या एका बाईंची आठवण काढली पाहिजे. कॉर्नेलिया सोराबजी या पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर. त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ साली कायद्याच्या परीक्षेला बसल्या. पण पदवी हातात पडली १९२२ साली, म्हणजे तीस वर्षांनी! परीक्षा देता येत होती, पटावर मात्र जागा नव्हती. ज्ञान आहे पण नोंद नाही, ही अवस्था काय असते ते आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

पटाची चाळणी कशी झाली?

आता मूळ प्रश्न. नाव नोंदवण्याच्या या क्रियापदाचा आपल्याकडे 'परीक्षा पास होणे' असा अर्थ कसा झाला?

त्याचे उत्तर लंडनमध्ये आहे. लंडन विद्यापीठाची सनद १८३६ ची. हे विद्यापीठ स्वतः शिकवीत नसे, परीक्षा घेई आणि पदव्या देई. पटावर कुणाला घ्यायचे हे ठरवण्यासाठी त्याने १८३८ पासून एक परीक्षा सुरू केली. पटावर घेण्याची परीक्षा, म्हणून तिचे नाव मॅट्रिक्युलेशनची परीक्षा. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही विद्यापीठे निघाली ती याच लंडनच्या नमुन्यावर. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक्युलेशन १८५९ साली झाली. त्या पहिल्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे होते. पुढे लोकांनी लांबलचक नाव तोडले आणि 'मॅट्रिक' एवढेच तोंडात ठेवले. पट मागे पडला, परीक्षा पुढे आली. सरकारी नोकरीचे दार तिथेच उघडू लागले, तेव्हा पुढे कॉलेजात न जाणाऱ्यालाही मॅट्रिक हवी झाली. ज्या शब्दाचा अर्थ 'आत घेणे' होता त्याचे काम 'बाहेर ठेवणे' झाले. आईचा शब्द चाळणी झाला.

आणि ही चाळणीदेखील आमच्या वाट्याला लवकर आली नाही, कारण चाळणीपर्यंत पोचायला आधी शाळेत शिरावे लागते. मुंबई विद्यापीठ निघण्याच्या एकच वर्ष आधी, जून १८५६ मध्ये, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. त्याने सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारचे म्हणणे पडले की न्याय त्याच्या बाजूने आहे खरा, पण एका मुलासाठी बाकीच्यांना दुखवता येत नाही. प्रकरण वरपर्यंत गेले आणि १८५८ साली सरकारने जाहीर केले की जी शाळा केवळ सरकारी पैशावर चालते ती सर्व प्रजेला खुली राहील. कागदावर दार उघडले. गावात मात्र कुलूप तसेच राहिले.

त्याचा हिशेब बाबासाहेबांनीच मांडून ठेवला आहे. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी १८८१-८२ चे आकडे दिले. मुंबई इलाख्यात हायस्कुलात अस्पृश्य मुले किती? शून्य. कॉलेजात किती? शून्य. मॅट्रिक नापास होण्याचेही भाग्य ज्यांना नव्हते, त्यांना नंतरच्या काळात 'तुमच्यात गुणवत्ता नाही' असे सांगण्यात आले! त्याच १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होणारा पैसा कुणाच्या घामाचा आहे, हे त्यांनी सरकारला विचारले आणि किमान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. पाया घातल्याशिवाय मजला चढत नाही, हे जोतीरावांनी ओळखले होते.

क्रमांक १९१४

अशा काळात ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातल्या सरकारी हायस्कुलात एका मुलाचे नाव घातले गेले. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. रजिस्टरातील क्रमांक १९१४. नाव भिवा रामजी आंबेडकर. शाळेने ते रजिस्टर जपून ठेवले आहे. २०१७ पासून हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

वाचकहो, या नोंदीकडे जरा थांबून पाहा. पटावर नाव आले. म्हणजे मूळ लॅटिन अर्थाने भिवा त्या दिवशी मॅट्रिक्युलेट झाला. पण वर्गात काय झाले? बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे की बसायला घरून गोणपाट न्यावे लागे, ते संध्याकाळी घरी परत आणावे लागे, कारण शाळेचा नोकर त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपाई असेल तर पाणी, नसेल तर पाणी नाही. नाव पटावर आणि पोर गोणपाटावर! नोंदवहीने आत घेतले, शाळेने घेतले नाही. पट आणि बाक यांच्यामधल्या त्या अंतरातच आपल्या चळवळीचा जन्म आहे.

१९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण. आजच्या भाषेत अडतीस टक्केसुद्धा नाहीत. ज्यांना गुणवत्तेच्या नावाने गळा काढण्याची सवय आहे त्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा. संस्कृत शिकू दिले नाही म्हणून फारसी घेतलेला, डबक चाळीतल्या एका खोलीत सगळ्या कुटुंबाबरोबर राहून अभ्यास केलेला हा मुलगा पुढे कोलंबिया आणि लंडनमधून डॉक्टरेट घेऊन आला आणि या देशाची राज्यघटना त्याच्या हातून आकाराला आली. त्या वेळी समाजाला मात्र टक्क्यांचा हिशेब पडला नव्हता. आपले पोर मॅट्रिक झाले एवढ्यावर मुंबईत सत्कार सभा भरली. सी. के. बोले अध्यक्ष होते, तेच बोले ज्यांचा पाणवठे खुले करण्याचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. मॅट्रिकच्या बक्षिसात बुद्ध मिळाला! १९५६ च्या नागपूरच्या दीक्षाभूमीची एक वाट त्या सभेतून निघते.

'मॅट्रिकोत्तर' हा शब्द कुणामुळे?

पुढे मुंबई राज्यात एस.एस.सी. बोर्ड आले आणि मॅट्रिकची परीक्षा इतिहासजमा झाली. १९७५ साली दहावी-बारावीचा नवा आकृतिबंध आला. तरी एका ठिकाणी तो शब्द आजही जिवंत आहे, आणि नेमका आपल्याच घरात आहे. 'मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती'! कॉलेजात आपण जिला 'भारत सरकार स्कॉलरशिप' म्हणतो ती हीच. ती आली कुठून? व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी १९४२ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले. त्यातून उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपये मंजूर झाले आणि १९४४ पासून ही शिष्यवृत्ती सुरू झाली. मॅट्रिकच्या चाळणीतून कसेबसे खाली उतरलेले पोर पुढच्या दारात फीवाचून अडू नये, हा त्यामागचा विचार. त्यानंतर १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज. दुसऱ्यांच्या पटावर जागा मागता मागता बाबासाहेबांनी आपला स्वतःचा पटच तयार केला.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने या शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांकरिता ५९,०४८ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यात केंद्राचा वाटा साठ टक्के आणि राज्यांचा चाळीस टक्के. आकडा मोठा आहे. पण कोटींचा आकडा ऐकून पोट भरत नाही. ज्याची फी सप्टेंबरमध्ये मागितली जाते आणि ज्याचे पैसे पुढच्या वर्षी खात्यात येतात, त्या पोराला मधल्या महिन्यांत कोण विचारतो? माझ्या ओळखीच्या एका मुलाला परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत हॉलतिकीट मिळाले नव्हते. शिष्यवृत्ती जमा झाली नाही, हा त्याचा गुन्हा! जर्मन भाषेत एक शब्द आहे, 'एक्समात्रिकुलेशन', म्हणजे पटावरून नाव काढणे. आपल्याकडे त्यासाठी शब्द लागत नाही. पोर एक दिवस कॉलेजला येईनासे होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

आजोबाचा उतारा

आपल्या मराठीत 'शाळेत नाव घालणे' म्हणतात. किती साधा आणि नेमका शब्द आहे हा! मॅट्रिक्युलेटचे याहून चांगले भाषांतर कुठल्या कोशात सापडणार नाही. आणि 'नाव काढणे' या शब्दाला तर दोन तोंडे आहेत. पोराचे शाळेतून नाव काढले म्हणजे त्याचे शिक्षण संपले. पोराने बापाचे नाव काढले म्हणजे त्याने कीर्ती मिळवली. आपल्या समाजाचा शंभर वर्षांचा इतिहास या दोन अर्थांच्या मधोमध उभा आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या जातपडताळणीसाठी मी गावी गेलो. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, आणि पुरावा म्हटला की पहिल्यांदा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा. गुरुजी भले होते. त्यांनी कपाटातून जीर्ण रजिस्टरे काढली. आम्ही दोघांनी एकेक पान उलटले. आजोबांचे नाव सापडले नाही. सापडणार कसे? ते शाळेत गेलेच नव्हते. त्यांना जाऊ कुणी दिले होते? त्यांचे उभे आयुष्य येसकरकीत गेले. शेवटी १९४८ च्या पानावर वडिलांचे नाव निघाले. वय अंदाजे, जन्मतारीख कुणीतरी ठोकून दिलेली आणि जातीच्या रकान्यात ठळक 'महार'. आमच्या घराण्यातले कुठल्याही वहीत शाईने लिहिलेले ते पहिले नाव. मी त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसलो.

तेव्हा मनात आले, ही कसली व्यवस्था? ज्यांना पटावर नाव घालू दिले नाही, त्यांच्याच नातवा-पणतवाकडे आज पटावरचा उतारा मागितला जातो. आणि धम्म स्वीकारला म्हणून 'बौद्ध' लिहिले तर सवलती गेल्या. केंद्रात त्या परत मिळायला १९९० साल यावे लागले. रजिस्टरचा एक रकाना, पण त्यात काय लिहायचे यासाठी आपल्याला चौतीस वर्षे लढावे लागले. म्हणून कुणी 'नोंदणीत काय आहे, कागदच तो' म्हटले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कागद ज्यांच्या हातात होता त्यांनीच आपल्याला हजारो वर्षे कागदाबाहेर ठेवले.

भगवंताचा पट

या सगळ्याच्या समोर एक दुसरा पट ठेवावासा वाटतो. शाक्य राजकुमार संघात प्रवेश घ्यायला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली हा न्हावी होता. राजकुमारांनीच भगवंताला विनंती केली की आधी उपालीला प्रव्रज्या द्या. आम्ही मागून येऊ, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुळाचा अहंकार गळेल. संघात ज्येष्ठत्व जन्मावर ठरत नसे, प्रवेशाच्या क्रमावर ठरे. तो क्रम राजकुमारांच्या आधी न्हाव्याचा लागला. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे संगायन झाले ते या उपालीच्या मुखातून. पट कसा असावा आणि पटावर आलेल्या माणसाचे पुढे काय व्हावे, याचा याहून मोठा आदर्श कुठे आहे?

म्हणून सर्व धम्मबांधवांना आणि भगिनींना विनंती आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा आपल्या वस्तीतल्या, वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीच्या फडावरच्या एकेका पोराचे नाव पटावर आहे का ते पाहा. २०२३ साली राज्य सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आणला. तेव्हापासून लहान वस्तीच्या डोक्यावर ती टांगती तलवार आहे. पट घटला म्हणून शाळा बंद आणि शाळा दूर गेली म्हणून पट आणखी घटला, हे चक्र आपण ओळखले पाहिजे. आणि नाव घातले म्हणजे काम संपले असे मानू नका. दिवाळीनंतर पुन्हा जा आणि ते पोर वर्गात बसले आहे का, हे विचारा. विहारात जयंतीचा हिशेब लिहिण्यासाठी वही असते, तशीच एक वही वस्तीतल्या मुलांच्या शिक्षणाची ठेवा. कोण दहावीला, कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडला, कोण मधेच थांबले. विहाराची ती मातिका समजा.

आमची ती मुलगी ऑक्टोबरमध्ये मॅट्रिक्युलेट झाली. काळा झगा घातलेला फोटो तिने आजीला पाठवला. वहीत सही करताना तिने नाव कसे लिहिले, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "पूर्ण लिहिलं काका. माझं, बापाचं आणि आडनाव. जागा कमी होती, पण बसवलं."

आजी फोटोकडे बघत एवढेच म्हणाली, "पोरीनं नाव काढलं."

जय भीम!